दोर

आमच्यात घोडीच्या घराण्याला रसन म्हणतात.
रसन म्हणजे दोर, तोच, गळ्यातला.
घोडा एका रात्रीचा पाहुणा, त्याचं नाव
लक्षात राहिलं तर राहिलं.
दोर आईचा. आईच्या आईचा.
मागे मागे जात तो पोचतो
दुखैना नावाच्या एका बाईपाशी, जिने
दुष्काळात आपल्या वाट्याचं सांडणीचं दूध
एका पोरक्या शिंगीला पाजलं म्हणे.

म्हणे.

मी जन्मले तेव्हा, चौथी मुलगी म्हणून,
तंबूत कुणी फारसं बोललं नाही.
त्याच पंधरवड्यात आमच्या घोडीला शिंगी झाली
आणि बापाने आभाळात सात गोळ्या झाडल्या.
हे मला आईने सांगितलं, हसत हसत.
हसावं की नाही, मी अजून ठरवलेलं नाही.

माणसांत वंशाचा दिवा मुलगा.
आमच्या पागेत मुलगा म्हणजे
सुंदर, झगझगीत दिवा,
ज्यावर दुसरा लावता येत नाही.

माझ्याबरोबरची ती शिंगी म्हातारी होत गेली.
खाबूर आटली, युद्ध आलं, युद्ध राहिलं.
तिला तीनदा झालं, तिन्हीदा नर.
तिसऱ्या वेळी बाप बाहेर बसून होता,
ओठांत सिगरेट, पेटवायची राहिलेली.
‘संपलं,’ म्हणाला.
काय संपलं ते म्हणाला नाही,
आणि त्या हिवाळ्यात तोही गेला.

त्याच्या पेटीत एक कागद निघाला, हुज्जत.
हुज्जत म्हणजे भांडण नव्हे आमच्याकडे, शपथ:
अल्लाला साक्ष ठेवून सांगतो, ही घोडी दुखैनाच्या दोरातली,
हिच्यात कुठेही गाठ मारलेली नाही.
खाली अकरा अंगठे.
आणि मागच्या बाजूला, पेन्सिलीने, बापाचं अक्षर:
धाकटी बहीण, एक वर्षाची, कपाळावर अर्धा चांद,
चाऱ्याच्या साली रक्काला विकली.
एवढंच. किंमत खोडलेली.

मी रक्क्यात अठरा दिवस गाड्या मोजल्या.
पाण्याच्या, भंगाराच्या, रॉकेलच्या.
रॉकेलच्या गाडीला जुंपलेली ती
पडक्या भिंतीच्या सावलीत उभी होती,
खांद्यावर जोखडाचा घट्टा,
अर्धा चांद काजळीने विझलेला.
पुढच्या डाव्या पायाला नाल नव्हता.
नाळेचं कोण सांगणार?
गाडीवाला जद्दूअ तिला जुम्आ म्हणे,
कारण शुक्रवारी घेतली होती.

मी तिच्या आयाळीतले तीस केस उपटले, मुळासकट.
आमच्या म्हातारीचेही तीस.
दोन पाकिटं, दोन सीमा, सहा आठवडे.
केसाच्या मुळाशी काहीतरी असतं,
डॉक्टरने फोनवर समजावलं, जे फक्त आईकडून येतं,
बाप तिथवर पोचतच नाही.
मी म्हटलं, हे आम्हाला ठाऊक आहे.
तो म्हणाला, एकच आई.

जद्दूअ घोडी विकेना.
सहा तोंडं तिच्या चार पायांवर जेवत होती.
तीन दिवस आम्ही त्याच्या दारात बसलो,
बायकोने चहा दिला, मग पुन्हा चहा दिला,
आणि शेवटी तीच म्हणाली:
पाठ आमची, पोट तुझं.
पहिल्या दोन शिंग्या तुझ्या. नर झाला तर आमच्या गाडीला.
मी कागद काढला.
बाराव्या अंगठ्यासाठी जागा होती.

आता सातवा महिना.
जुम्आ चढावर गाडी ओढताना थांबते,
जद्दूअ खाली उतरतो, स्वतः ढकलतो.
तो मला हे फोनवर सांगतो, तक्रार केल्यासारखं.

काल माझ्या थोरल्या बहिणीचाही फोन आला.
तिलाही दिवस गेलेत. तीन मुलींनंतर,
सासरी सगळे मुलाची दुआ मागतायत,
तूही माग, ती म्हणाली.

मी दोघींसाठी एकच दुआ मागते.
बहिणीला सांगितलेली नाही.