दारामागची यादी

रेडीत, बंदराकडे उतरणाऱ्या वळणावर
बस्त्याव रॉड्रिग्जचं पंक्चरचं दुकान.
दाराच्या पुढच्या अंगाला: हवा मोफत.
मागच्या अंगाला, निळ्या ऑईलपेंटने,
दरवर्षी एक नाव. देशात जो पहिला आला त्याचं.

डबा मी धरायचे.
ब्रश त्याचा, शुद्धलेखन माझं.

सगळ्यात वर जेसीटी. सत्त्याण्णव.
"ही खंयची गो?"
फगवाडा, मी म्हटलं. पंजाब. कापडाची गिरणी.
त्याने शर्टाची कॉलर उलटी करून बघितली,
लेबलावर कप छापलेला असेल तर.

मग मोहन बागान. मग साळगावकर,
आणि तेव्हा त्याने मला विचारलं नाही एकही अक्षर.
तरुणपणी मांडवीत बार्जवर खलाशी होता तो,
खनिजाबरोबर ती नावं वाहिलेला.

दोन हजार दोन.
शेवटचा सामना फातोर्ड्याला. चर्चिलला बरोबरी पुरे होती.
तेरेखोलची फेरीबोट, पुढे तीन बसगाड्या,
रुमालात उकडलेली अंडी.
बागानने एक गोल मारला. एकच.
दुसऱ्या दिवशी दुकान दुपारपर्यंत बंद.
मग आला, अंडी तशीच परत घेऊन, म्हणाला,
"डबो धर."
आणि लिहिलं मोहन बागान,
तेवढ्याच उंचीचं, त्याच निळ्यात,
फक्त 'बा'चा काना जरा जास्त दाबलेला.

ईस्ट बंगाल लागोपाठ दोनदा.
खाली नुसती दोन टिंबं दे, मी म्हटलं, रंग वाचेल.
"न्हय गो. दुसऱ्यांदा जिंकाक
पयल्यापेक्षा जास्त धावचा लागता."

ज्या वर्षी महिंद्र आले
त्या वर्षी जीपवाल्यांना त्याने दोन ठिगळं फुकट लावली,
त्यांचाच पोरगा पास झाल्यासारखी.

बाकी देम्पो. देम्पो. देम्पो.
इकडे माडांच्या झावळ्या लाल,
दोरीवरचे परकर लाल,
वाळत घातलेला बांगडा लाल;
मला वाटायचं, याच धुळीने
कुणीतरी पलीकडे कप घासतंय.

मी कुडाळला नोकरीला लागले तोवर
जीपवाल्यांचा संघ मोडला होता.
पुढच्या वर्षी गिरणीवाल्यांचाही.
पेपर घेऊन गेले, विचारलं, खोडूया?
बस्त्याव ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.
"टीम गेली म्हणान कप माघारी जाता काय?
जिंकलो तो जिंकलो."
बुडबुडा सापडला. त्यावर बोट ठेवून
तो बराच वेळ तसाच बसला.

बाराला पुन्हा देम्पो.
त्याच वर्षी, पाऊस सरता सरता,
गोव्यातल्या खाणींना कुलूप.
रस्त्यावर पंक्चर व्हायला काही उरलं नाही.
झावळ्या हळूहळू हिरव्या झाल्या
आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
बंगळूरु आलं, बागान आले, पुन्हा बंगळूरु.
तो लिहीत राहिला. डबा धरायला
मी कधी असायचे, कधी खुर्ची असायची.

सतराला मी मुद्दाम रजा काढून आले.
आयझॉल, मी म्हटलं. मिझोराम.
"गिरण आसा थंय?" नाही.
"खाण?" नाही.
"दर्या?" नाही रे, नुसते डोंगर.
"मगे सुकतीक खेळतत खंय?"
आणि हसला, खोकला येईपर्यंत,
खोकला संपल्यावर पुन्हा.

हात कापत होता. ब्रश माझ्याकडे दिला.
मी लिहिलं, सगळी नावं तशीच आहेत ना,
त्या मापाने, नीट.
त्याने चष्मा वर केला, दाराला नाक लावलं.
वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझी चूक काढली:
"बारीक झाला. पुसून मोठा लिही.
लांबसून इलेत ते."

म्हणून आयझॉल दारावर दोन ओळींची जागा खातं,
'ल' कडीच्या खिळ्यावर चढलाय,
आणि खाली बिजागरी.