वेताची कडी

डबगरवाडीत भाईलालनं रबाना उलटा केला,
आत नाक घातलं.
“फणस. बकरीचं चामडं.
पण गठ्ठे नाहीत, वादी नाही,
शाईसुद्धा नाही. कोरं कपाळ.”
आणि जीभ चावली.
माझ्याकडे न बघता
नुसतीच कड चाचपत राहिला.

क्लांतानला बॉयलर उभारून परतताना
ह्यांनी हा सदऱ्यांत गुंडाळून आणलेला.
चार पावसाळे खुंटीवर. सैल पडला.

“तबल्याला बाहेरून ओढायचं,
ह्याला आतून टेका द्यायचा, बेन.”
मोडक्या खुर्चीचा वेत त्यानं सोलला,
बादलीत बुडवला, चहा मागवला.
मग चामडं न् लाकडाच्या फटीत
बोट-बोट सरकवत
ठोकत गेला गोल,
तोंडानं कसलासा अर्धवट ठेका.

सवयीनं हात शाईच्या वाटीकडे गेला.
थांबला.
“असाच बरा.”
वेताचे वीस घेतले, ठोकण्याचे नाहीत.

रिक्षात मांडीवर धरला होता.
रावपुऱ्याच्या खड्ड्यात
माझाच हात आपटला त्यावर,
धुम्म!
रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.
पुढच्या खड्ड्याला
मी हात काढला नाही.