मोजा

लिएपायाच्या ट्रॅमरस्त्यावरच्या आमच्या दुकानात
वेल्टाबाई आल्या त्या हातमोजा घेऊन.
एकच. डाव्या हाताचा.
तांबड्यावर पांढरी, आठ टोकांची चांदणी.

"मॉनिटर गेला. नवा द्या.
कॉम्प्युटर मात्र तोच राहील,
माझे सगळे नमुने त्यात आहेत."
आणि पाकिटामागे पेन्सिलीनं काढलेलं
ग्राफिक्स कार्डाचं तोंड:
आठ-आठ भोकांच्या तीन रांगा,
शेजारी आडवी फट, फटीभोवती चार भोकं.
एकही चुकलं नव्हतं.

मी आधी भिंतीवरचा सगळ्यात मोठा दाखवला,
जवळजवळ चार हजार ठिपके रुंद.
मग मलाच ओशाळल्यासारखं झालं.
"बाई, तुमच्या कार्डाची धाव एकोणीसशे वीसपर्यंत.
अंथरूण मोठं आणलं तरी पाय तेवढेच.
उरलेले ठिपके हा अंदाजानं भरील."

"अंदाजानं?"
त्यांनी हातमोजा काचेला लावला.
"एक टाका, एक घर.
अर्धं घर मला विणता येत नाही, गिंट्स."

शेवटी कोपऱ्यातला चोवीस इंची,
धूळ खात पडलेला, जुन्या जोडणीचा.
गोदामातल्या तसल्याच एका डब्याला लावला,
त्यांचा पेनड्राइव्ह खोचला.

चांदणी उमटली. कडा करकरीत.
त्या बोट ठेवत ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या,
आडवी सतरा, उभी सतरा,
मग माझ्याकडे वळून,
"आता तुम्ही मोजा."

मी मोजली. बाहेर एक ट्रॅम गेली,
आकडा चुकला,
पुन्हा पहिल्यापासून मोजली.

पैसे देताना म्हणाल्या,
"उजवा अंगठ्यापाशी अडलाय."