गोठू नये म्हणून

बाहेर उणे एकतीस.
लस थंड ठेवायची असते म्हणतात.
खरं आहे. पण थंड म्हणजे गोठलेली नव्हे,
हे कळायला खानगाईच्या हिवाळ्यात यावं लागतं.
कुपी मी देलच्या आत ठेवलीय, कमरपट्ट्याच्या वर,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून,
बरगडीच्या जवळ, पण अगदी खेटून नाही.
पोटुशी बाई बसते तशी जपून घोड्यावर बसलेय
मी, बासष्ट वर्षांची दुलमसुरेन.

काल मध्यरात्री सोलोंगो बाळंत झाली.
वादळानं रस्ता गिळला, दवाखान्याची गाडी अर्ध्यात रुतली.
तिच्या रक्तात ब कावीळ आहे. वहीत लाल खूण.
पहिली सुई चोवीस तासांच्या आत.
त्यातले सोळा बर्फानं खाल्ले.

गेरमध्ये शिरते. चुलीत गोवऱ्या धुमसतायत.
आधी हात धुते.
मग कुपी हलवून दिव्यासमोर धरते.
नासल्या दुधासारख्या गुठळ्या दिसल्या असत्या
तर आल्या पावली परत.
दिसत नाहीत. सगळीकडे सारखी धूसर.

सासू हळूच विचारते, हिची वाटी वेगळी काढू?
नको गं. वाटी तीच, चहा तोच.
पाजू दे तिला, मुके घेऊ दे.
वेगळं ठेव ते, ज्याला रक्त लागतं:
वस्तरा, दातांचा ब्रश, नखं काढायची कात्री.
आणि तुझ्या लेकाचं रक्त तपासायचंय, लस द्यायचीय.
तो तोंड फिरवतो.
फिरव. मी पुन्हा येईन.

सुईचं पाकीट सगळ्यांसमोर फाडते.
मुद्दाम. आवाज होऊ देते.

एकोणीस वर्षांची होते तेव्हा.
शाळेतली रांग, काचेची एक सिरिंज,
एकच सुई, चाळीस दंड.
पाणी उकळेपर्यंत थांबायला कुणी सांगितलं नाही,
मीही थांबले नाही.
रांगेत नववा माझा धाकटा भाऊ, सोद्नोम.
गेल्या शरदात त्याचं यकृत संपलं.
त्या सुईनंच, असं कुणी म्हणालं नाही.
नसेलही.
मी विचारलं नाही.

एवढीशी मांडी. रक्ताचा एक ठिपका.
पोर असं किंचाळतं की
बाहेर घोडा खूर आपटतो.

वहीत लिहिते: मुलगी. पहिला डोस. सतरावा तास.
नावाची जागा रिकामी.
दुसऱ्याला याल तेव्हा सांगू, सोलोंगो म्हणते,
आणि आपली अर्धी प्यालेली वाटी पुढे करते.
सासू माझ्याकडे बघत राहते.
चहा खारट आहे, साय आलीय वर.
मी पिते.