जनांतिक

काळा कोट डिमेलो बाईंच्या नवऱ्याचा होता.
त्यांनीच आणून दिला, काखेत डांबरगोळीचा वास.
म्हणाल्या, हा माणूस दरबारात असतो
पण दरबाराचा नसतो.
एवढं कळलं की पुरे, बाकी पाठांतर.

साल एकोणऐंशी, कामगारांची नाट्यस्पर्धा.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, आमचं मशीन शॉप,
आणि नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, विलायती,
बाईंनी चरईतल्या घरात बसून मराठीत उतरवलेलं.
एक ड्यूक, त्याचा भाऊ, एक विधवा, विष,
आणि मी: लढाईवरून परतलेला, पगार थकलेला,
खांबाला टेकून उभा.

ड्यूक झाला टाइमकीपर खोपकर.
त्याला वेगळा अभिनय करावा लागला नाही.
विधवा मिळेना, म्हणून पॅकिंगमधला मुरकुटे,
मिशी काढायला तीन दिवस रडला.

माझं काम तसं सोपं.
दोन पावलं पुढे यायचं,
मान प्रेक्षकांकडे वळवायची
आणि जे खरं ते बोलायचं.
मागे चार हातांवर ड्यूक. त्याला ऐकू जायचं नाही.
मी विचारलं, बाई, शेवटच्या रांगेत पोचतं माझं,
मग शेजारच्याला कसं ऐकू येत नाही?
बाई चष्मा पुसत राहिल्या.
ऐकू येत नाही असं नाही रे, विश्राम.
ऐकायचं नाही, असं ठरलेलं असतं.

तिसऱ्या अंकात मी वेडाचं सोंग घेतो.
तालमीत मुरकुटे ओरडला, याला ठाण्याला पाठवा!
मग सगळेच गप्प.
ठाण्यातच होतो आम्ही. इस्पितळाची भिंत
गेटपासून चालत दहा मिनिटं.
बाईंनी मला तिथे नेऊन उभं केलं.
सोंग घ्यायचं तर आधी ऐक, म्हणाल्या.
पलीकडे कुणीतरी पाढे म्हणत होतं,
सत्तावीसचे,
एकही चूक नाही.
त्यानंतर मला ते सोंग नीट जमलं नाही.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांचा शेरा मात्र मिळाला:
'काळ्या कोटातला नट सतत कडेला उभा राहतो,
इतरांत मिसळत नाही.'
बाई इतक्या हसल्या की चहा सांडला.

शहाण्णवला गेटला टाळं लागलं.
मालकाच्या गाडीपुढे मी दोन पावलं गेलो,
थकलेल्या पगाराचं बोललो, खणखणीत,
रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्यानं मान वर केली.
काच चार हातांवर होती.
खोपकर गाडीत पुढच्या सीटवर.

आता घोडबंदरला राहतो, मुलाकडे.
गेटवर रोज नवा पोरगा, रोज विचारतो,
किसके यहाँ जाना है, अंकल?
मी फ्लॅटचा नंबर सांगतो, तो फोन करून खात्री करतो.
त्याचंही चूक नाही. तोही कुठूनतरी आलाय,
त्याच्याही वहीत माझ्यासाठी रकाना नाही.
सोसायटीच्या सभेला क्लबहाउसमध्ये जातो.
खुर्च्या रिकाम्या असतात, तरी
कधी खांबाला टेकलो ते कळत नाही.

पाचव्या अंकात सगळे मरतात. मी सगळ्यांत शेवटी.
मरण्याआधी एक वाक्य होतं,
त्यासाठी बाईंनी अख्खं नाटक बसवलं, असं त्या म्हणायच्या.
ते गेलंय डोक्यातून.
सूर आठवतो, कुठे श्वास घ्यायचा तेही आठवतं.

लिफ्टमध्ये एकटा असलो की
दोन पावलं पुढे येतो. तेवढीच जागा आहे.
मान कॅमेऱ्याकडे वळवतो.
खाली तळघरात कुणी पडद्यावर पाहत असेल,
आवाज जात नाही म्हणतात.
तोंड उघडतो आणि थांबतो,
विंगेतून शब्द यावा म्हणून.

येतो. एका बाईचा आवाज, स्वच्छ, घाई नसलेला:
बाविसावा मजला.

नाही, बाई. हे नव्हतं.