दीड मीटर वायर

मागची दोन बाकं काढली तेव्हा खाली निघाली
शेंगदाण्याची टरफलं, एक रुपयाचं नाणं
आणि तळेबाजारचं अर्धं तिकीट.
बस मोडीतली. दवाखान्याच्या ट्रस्टने घेतली,
दर मंगळवारी माणसं न्यायची आहेत म्हणून.

तळ कापला. पत्रा वरून ठीक,
खालून ओल्या बिस्किटासारखा.
खारा वारा लोखंड आतून खातो,
होड्यांच्या इंजिनात हात घालून शिकलोय मी.
कादिर होडेकरने दोन नवे आडवे चॅनल जोडले,
वर रेड ऑक्साइड, मग लिफ्टचे बारा बोल्ट.

पुस्तिका म्हणते, तीनशे किलो उचलून पाहा.
कुंपणाचे चिरे रचले : आठ, नऊ.
दहाव्याला पंप कण्हला,
पण गेला वर, लाल धूळ सांडत.

पुस्तिका म्हणते, जागा सपाट हवी.
कादिर हसला :
"आपल्याकडे सपाट फक्त समुद्र, आणि तोसुद्धा सांगून नाही."
शेवटी सड्यावरच थांबा ठरला.
माणसं राहतात खाली, खाडीला.

तिथून विसराम तोडणकरला आणलं,
पाखाडीच्या एक्याण्णव पायऱ्या,
चौघांच्या हातांवर माणूस,
मागून डोक्यावर त्याची खुर्ची.
जेवणाआधी तीस माड चढून उतरायचा म्हणे.
कुणीतरी हळहळलं, माडावरून पडला बिचारा.
तो चिडला :
"माडान माका कधी पाडूक नाय.
साकवावरसून पडलंय. इतक्याच उंचीवरसून."
आणि लिफ्टच्या फळीकडे बोट.
मी टेप लावलेली होती. तीन फूट आठ इंच.

खुर्ची फळीवर. चाकांना अडसर. बटण दाबलं.
जमीन सुटली तसे त्याचे दोन्ही हात
दांडीला असे बिलगले
जसे खोडाला.
"थांबव."
थांबवलं.
"ह्या चढणा नाय रे. ह्या उचलणा.
बटण माझ्या हातात दी."

बटण मी दाराच्या आत बसवलेलं, खांद्याच्या उंचीवर,
उभ्या माणसाच्या खांद्याच्या.
म्हटलं, वायर पुरत नाही.
म्हणाला, "मग वाढव."

कादिरच्या खणात पिवळी वायर सापडली,
कुठल्याशा ट्रॉलरच्या पंपाची, दीड मीटर.
सांधा दिला, नळी चढवली, क्लिपा मारल्या.
दोन तास तो हलला नाही, माझ्या बोटांकडे बघत राहिला.
शेवटच्या क्लिपेला बोलला,
"वायरीक ढील ठेव. ताणलेली दोरी
गरजेक तुटता."
ती क्लिप काढली, परत मारली.

मग दाबलं त्याने.
वर. खाली. वर.
ड्रायव्हरने घड्याळ बघितलं. खाली. परत वर.
किती वेळा ते कुणी मोजलं नाही.
एकदा मध्येच थांबला,
ना जमिनीवर ना बसमध्ये,
तोंड खाडीकडे.
सड्याच्या कडेखाली वाडीतले सगळे शेंडे
त्याच्या डोळ्यांच्या खाली.

"तिसऱ्या माडाची झावळां सुकली हत.
कोण साफ करीत नाय काय रे?"

कोणी काही बोललं नाही.
बॅटरी उतरेल,
हे सांगायला मी तोंड उघडलं होतं.