चाळीस सेकंद

गुदैबियात, शिंप्याच्या दुकानावर माझी खोली.
खाली साडेअकरापर्यंत मशीन चालतं,
नंतर फक्त एसी आणि माझ्या कॉम्प्युटरचा पंखा,
दोघांची एकमेकांवर कुरघोडी.

मंडळाचं नाटक शुक्रवारी झालं.
रविवारी संध्याकाळी ते गावोगाव दिसायला हवं.
अध्यक्षांनी पेन ड्राइव्ह दिला, सोबत चिवड्याची पुडी.
"फक्त अपलोड करायचंय," म्हणाले.
फक्त.

कॅमेरा कुणाकडून मागून आणलेला, जुना.
हात हलला की कडेला कंगव्याचे दाते उमटतात.
ते आधी विंचरून काढले.
मागचा पडदा काळा, पण त्या काळ्यातही वाळू:
अंधारात कॅमेऱ्याला दिसलेली खोटी, वळवळणारी वाळू.
बाहेर शमाल सुटलेला,
खिडकीच्या फटीतून खरीही येत होती.
खोटी पुसता आली तेवढी पुसली,
सगळी नाही.
सगळी पुसली तर माणसं मेणाची होतात.

मग चार प्रती.
मोठी, अबूधाबीतल्या भिंतभर टीव्हींसाठी,
मधल्या दोन,
आणि सगळ्यात लहान, दोनशे चाळीस रेघांची,
साखरप्याच्या वरच्या वाडीसाठी,
जिथे गोठ्यामागच्या दगडावर उभं राहिलं तरच
नेटवर्कच्या दोन काड्या येतात.
मी लहानीवर जास्त वेळ घालवते.
मोठीचं काय, खाऊनपिऊन सुखी.

एन्कोडर म्हणजे मेसमधला वाढपी.
जो हलतो, ओरडतो, त्याच्या ताटात जास्त.
गप्प बसलेल्याला म्हणतो,
मघाशी होतात तसेच आहात ना? मग पुढे.

दुसऱ्या अंकात शिरधनकर गप्प उभे राहतात.
चाळीस सेकंद.
दिवसा ते अल्युमिनियमच्या भट्टीवर असतात,
कपाळावरचा भाजल्याचा डाग
मेकअपखालूनही दिसतो.
ते हलत नाहीत. फक्त हनुवटी.

पहिला नमुना काढून पाहिला: हनुवटी नाही.
तिथे तीन-चार बोथट चौकोन.
इथे काहीच घडत नाही,
असा वाढप्याचा निकाल.

मग बसले.
एक तास बारा मिनिटं नऊ सेकंद ते एकोणपन्नास,
एवढ्या तुकड्यासाठी वेगळा आदेश:
इथे हात आखडू नकोस.
पण आणायचं कुठून?
पहिल्या अंकात वरातीचा नाच आहे,
टिकल्या, झिरमिळ्या, पताका,
झिरमिळीइतकं महाग काही नसतं,
तिथून काढलं.
नाचणाऱ्या पोरी जरा पुसट झाल्या.
त्यांच्या आयांनी माफ करावं.

पुन्हा दोन फेऱ्या.
पहिलीत तो नुसता बघत जातो, लिहितो दुसरीत.
फजरची बांग झाली तेव्हा शहाऐंशी टक्के.
चिवड्यातले शेंगदाणे संपलेले.

सोमवारी शिरधनकर स्वतःच आले,
पेन ड्राइव्ह न्यायला, पायात भट्टीचे बूट,
जिना चढून दम लागलेला.
मी म्हटलं, दुसऱ्या अंकातला तुमचा तो पॉज.
रात्रभर मी त्यातच होते.
"कसला पॉज, बाई," ते म्हणाले,
"वाक्य विसरलो होतो.
प्रॉम्प्टर पाणी प्यायला गेलेला."

मी काही बोलले नाही.
खाली शिंपी कुणाशी तरी उसवलेल्या शिलाईवरून वाद घालत होता.

मग त्यांनी फोन काढून केतकीचा मेसेज दाखवला.
तिने दगडावर उभं राहून पाहिलं होतं,
लहान प्रत, तीही अडखळत, दोनदा थांबून.

"बाबा, विसरलात ना?
मला लगेच कळलं.
कॉलवर 'इथे सगळं मजेत' म्हणता ना,
तेव्हा हलते अगदी तश्शी हलली हनुवटी."

फोन खिशात गेला.
पेन ड्राइव्ह त्यांनी दोनदा तपासला, झाकण लावलं, काढलं, लावलं.
दारात थांबून म्हणाले,
"ती लहान प्रत आहे ना,
ती अजून थोडी लहान
नाही का करता येणार?"